खेळयंत्राच्या अंतरंगाचा हिशेब

वस्तूची किंमत दुकानातील पाटीवर कोणालाही वाचता येते, परंतु ती वस्तू घडविण्यास कारखानदाराला काय खर्च आला हे त्याच्या दप्तराबाहेर सहसा येत नाही; आणि ज्या व्यवसायात कारखानदार आपला माल उत्पादनखर्चाहून कमी किमतीस जाणूनबुजून विकतो, त्या व्यवसायात तर हे दप्तर अधिकच जपून ठेवले जाते. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळावयाची यंत्रे, ज्यांना आज सर्वत्र कन्सोल म्हणतात, त्यांचा व्यवसाय हा असा आहे. यंत्रावर खोट सोसावयाची आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर मिळणाऱ्या हिश्शातून ती भरून काढावयाची, हा या धंद्याचा रूढ रिवाज असल्यामुळे, यंत्राच्या पोटातील प्रत्येक भागाला किती खर्च आला असेल याचा अदमास बाहेरून बांधणे हे एक स्वतंत्र शास्त्र झाले, त्याचे जाणकार निर्माण झाले आणि त्यांचे आकडे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागले. या विद्येचा इतिहास म्हणजे एका अर्थी कन्सोलचाच इतिहास होय, कारण कोणत्या भागाला किती मोल द्यावयाचे या एका विचाराने त्या यंत्रांचे रूप आणि त्यांवरील खेळांचे स्वरूप आरंभापासून ठरविले आहे.

वस्तू उघडून तिचा खर्च ताडण्याची कला अर्थातच खेळयंत्रांच्या फार पूर्वीची आहे. जुना वाडा पाहताच त्यात सागवान किती, दगड किती आणि मजुरी किती लागली असेल हे जाणता गवंडी सांगे, त्याच जातीचे हे ज्ञान. मात्र त्याला कारखानदारीत शिस्तबद्ध रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स या अभियंत्याने १९४७ च्या सुमारास मूल्यविश्लेषणाची जी पद्धत घालून दिली, तिचा मूळ प्रश्न असा होता की, हा भाग कोणते कार्य करतो, त्यासाठी काय खर्च होतो आणि तेच कार्य कमी खर्चात दुसऱ्या कशाने होईल काय. हा प्रश्न स्वतःच्या वस्तूला विचारला म्हणजे काटकसर साधते आणि प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूला विचारला म्हणजे त्याच्या दप्तराची किल्ली हाती येते.

खेळयंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न प्रथम निकराने विचारला गेला तो १९७५ साली, जेव्हा अटारी कंपनीसाठी काम करणाऱ्या कॅलिफोर्नियातील सायन इंजिनियरिंग या प्रयोगशाळेतील स्टीव्ह मेयर व रॉन मिल्नर यांच्यापुढे, बदलत्या कार्ट्रिजवर अनेक खेळ खेळता येतील असे घरगुती यंत्र सामान्य कुटुंबाला परवडेल अशा किमतीत बसविण्याचा पेच उभा राहिला. त्याच वर्षी एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीच्या चक पेडल यांनी ६५०२ ही संस्कारक चिप अवघ्या २५ डॉलरला विक्रीस काढून सर्वांना थक्क केले होते. परंतु हिशेबास बसल्यावर असे आढळले की हे २५ डॉलरही या यंत्राला जड जातील. तेव्हा पेडल यांनी त्याच चिपची, पायांची संख्या कमी करून २८ वर आणलेली, ६५०७ ही आवृत्ती देऊ केली, आणि ती व तिच्या जोडीची निविष्टी-निर्गमाची चिप मिळून १२ डॉलरला सौदा ठरला. १९७७ साली सुमारे २०० डॉलरला बाजारात आलेल्या त्या अटारी यंत्रात एकूण १२८ बाइट एवढीच स्मृती होती. संपूर्ण चित्र साठवून ठेवावयाचे तर जी स्मृती लागली असती तिची किंमत परवडणारी नव्हती, म्हणून पडद्यावरील प्रत्येक आडवी रेषा उमटत असतानाच तिचे चित्र क्षणोक्षणी रचण्याचे अवघड काम खेळ लिहिणाऱ्यांच्या वाट्यास आले. कार्ट्रिजचा जोडही स्वस्त पडावा म्हणून २४ पिनांचा घेतला गेला, आणि त्यामुळे खेळाचा आकार साधारणतः चार किलोबाइटच्या आत राहिला. तेव्हा त्या काळच्या खेळांच्या ज्या साधेपणाचे आज कौतुक होते, त्याच्या मुळाशी खर्चाच्या कागदावरील हे दोन-तीन आकडे होते.

जपानात निन्तेन्दो कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. यंत्र बनवून मग किंमत काढण्याऐवजी किंमत आधी ठरवून तिच्यात यंत्र बसवा, अशी त्यांची आज्ञा होती, आणि मासायुकी उएमुरा यांच्याकडे ती अमलात आणण्याचे काम आले. रिको या कंपनीने चिप इतक्या अल्प दराने द्यावी म्हणून तीस लाख चिप्सच्या खरेदीची हमी देण्यात आली. ज्या कंपनीचे हे खेळयंत्र अजून बाजारात उतरलेही नव्हते तिने एवढा मक्ता पत्करावा हे त्या वेळी धाडसच होते, परंतु मालाची संख्या हाच खर्चाचा खरा नियंता आहे हे यामाउची जाणत होते. १९८३ च्या जुलैत फॅमिकॉम १४,८०० येनला विक्रीस आले, तेव्हा त्याचे दोन्ही नियंत्रक यंत्रास कायमचे जोडलेले होते, कारण जोडावयाच्या खोबणीलाही किंमत पडते. या काटकसरीचा एक लांबचा परिणाम आपल्याकडेही दिसला. पुढे त्या यंत्राचे सारे मंडल एकाच चिपमध्ये बसविण्याची युक्ती पूर्व आशियातील नकलाकारांना साधली, उत्पादनखर्च नाममात्र झाला, आणि नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून जे 'टीव्ही गेम' आणि त्यांच्या 'कॅसेट' पोहोचल्या, त्या बहुतांशी त्या फॅमिकॉमच्याच अनधिकृत वंशातील होत्या.

यंत्रावर खोट सोसावी ती कोणी, या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९९३ साली घडले. ट्रिप हॉकिन्स यांच्या थ्रीडीओ कंपनीने यंत्राचा आराखडा तयार करून तो बनविण्याचा परवाना पॅनासोनिकसारख्या कारखानदारांना दिला आणि प्रत्येक खेळामागे तीन डॉलरचा हिस्सा मात्र आपल्याकडे ठेवला. खेळांचा मुनाफा एकाकडे आणि यंत्राचा खर्च दुसऱ्याकडे अशी वाटणी झाल्यावर कारखानदाराने आपला नफा यंत्रातूनच काढणे ओघानेच आले. परिणामी ते यंत्र ७०० डॉलरला विकावे लागले आणि काही वर्षांतच बाजारातून नाहीसे झाले. याउलट सोनीच्या केन कुतारागी यांनी १९९४ अखेर आणलेल्या प्लेस्टेशनमध्ये खेळ कॉम्पॅक्ट डिस्कवर दिले, ज्यांचे उत्पादन कार्ट्रिजमधील स्मृतिचिपांच्या मानाने अत्यंत स्वस्त व जलद होते, आणि यंत्राची रचनाही अशी ठेवली की पुढे भाग एकत्र करीत जाऊन खर्च उतरविता यावा. सेगा कंपनीच्या सॅटर्नमध्ये दोन मुख्य संस्कारक व चित्रासाठी आणखी दोन, असा गुंतागुंतीचा संसार होता. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनात सेगाने ३९९ डॉलर ही किंमत जाहीर केल्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले आणि '२९९' एवढाच आकडा उच्चारून खाली उतरले. या एका आकड्यामागे मंडलपट्टीवरील प्रत्येक भागाचा आधी केलेला हिशेब उभा होता.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये या क्षेत्रात पाऊल टाकले तेव्हा घाईमुळे बाजारात तयार मिळणारे भाग घेतले: इंटेलचा संस्कारक, एनव्हीडियाची चित्रचिप आणि एक हार्ड डिस्क. यंत्र समर्थ होते, परंतु त्याचा खर्च खाली येईना, आणि याची दोन कारणे उद्बोधक आहेत. चिप्सचा आराखडा ज्यांच्या मालकीचा तेच त्यांचा दर ठरवीत. एनव्हीडियाशी दराविषयी वाद होऊन प्रकरण लवादापर्यंत गेले आणि २००३ मध्ये तडजोडीने मिटले. दुसरे कारण यंत्रशास्त्राचे आहे. सिलिकॉनची चिप दर काही वर्षांनी लहान होते व स्वस्त पडते, परंतु हार्ड डिस्कमध्ये मोटार, फिरती तबकडी, वाचणारे शीर्ष आणि धातूचे कवच हे लागतेच. साठवण कितीही वाढो, तिच्या किमतीला एक तळ असतो आणि त्याखाली ती जात नाही. म्हणूनच २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम व एटीआय यांच्याकडून आराखडे घेऊन चिप्सच्या निर्मितीचा अधिकार आपल्या हाती ठेवला, आणि एक स्वस्त आवृत्ती हार्ड डिस्कशिवायच विकली.

याच सुमारास बाहेरून खर्च ताडणाऱ्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. कॅलिफोर्नियातील आयसप्लाय, टेक्ससमधील पोर्टेलिजंट आणि कॅनडातील ओटावा येथील चिपवर्क्स ही त्यातील प्रमुख नावे. त्यांचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. यंत्र बाजारात आले की ते इतर गिऱ्हाइकांप्रमाणे दुकानातून विकत घ्यावयाचे, मेजावर ठेवून एकेक स्क्रू काढावयाचा, प्रत्येक भाग सुटा करून त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्यावरील छापील अक्षरे व अंक उतरून घ्यावयाचे, आणि मोठ्या चिपपासून टाचणीच्या डोक्याएवढ्या धारित्रापर्यंत सर्वांची एक लांबलचक फर्द तयार करावयाची. मंडलपट्टी किती थरांची आहे, प्लास्टिकचा साचा किती भागांचा आहे, जुळणीस किती मिनिटे लागली असतील, याची नोंद त्याच फर्दीत होते. जे भाग बाजारात सर्रास मिळतात त्यांचे घाऊक दर चौकशीने कळतात. खरी परीक्षा होते ती त्या यंत्राखेरीज कोठेही न मिळणाऱ्या चिपची. तिचे काळे वेष्टन तीव्र आम्लाने विरघळवून आतील सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागतो.

या मोजणीतून खर्च कसा निघतो ते प्लेस्टेशन ३ च्या सेल या संस्कारकावरून समजेल. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीच्या तुकड्याचे क्षेत्रफळ सुमारे २३५ चौरस मिलिमीटर होते. अशा चिप्स ज्या सिलिकॉनच्या गोल तबकडीवर कोरल्या जातात तिचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०,७०० चौरस मिलिमीटर. सरळ भागाकार केला तर तीनशे चिप्स निघाव्यात, परंतु चौकोनी तुकडे गोल तबकडीच्या कडेला अर्धवट कापले जातात आणि हाती सुमारे अडीचशेच येतात. तबकडीवरील प्रक्रियेचा खर्च ठरलेला असतो; त्यातून निर्दोष चिप्सचा उतारा किती पडतो यावर एकेका चिपचा खर्च अवलंबून राहतो, आणि उतारा निम्म्यावर आला की खर्च दुप्पट होतो. सेलमध्ये एकसारखी आठ साहाय्यक केंद्रके कोरलेली असूनही यंत्रात सातच वापरली गेली, याचे रहस्य येथे उलगडते: एक केंद्रक सदोष निघाले तरी चिप टाकून द्यावी लागू नये, म्हणून आठव्यावर आधीच पाणी सोडलेले होते. अंदाज बांधणाऱ्याला तबकडीचा दर आणि तुकड्याचे क्षेत्रफळ काढता येते, उतारा मात्र त्याला अनुभवानेच ताडावा लागतो, आणि त्याच्या आकड्यातील सर्वांत नाजूक जागा तीच असते.

२००५ च्या नोव्हेंबरात आयसप्लायने एक्सबॉक्स ३६० उघडले. आयबीएमचा संस्कारक १०६ डॉलर, एटीआयची चित्रचिप १४१ डॉलर, आणि नियंत्रक, तारा व वीजपुरवठ्याचा संच धरून एकूण ५२५ डॉलर, असा त्यांचा अदमास निघाला; यंत्राची विक्री ३९९ डॉलरला होत होती. वर्षभराने आलेल्या प्लेस्टेशन ३ चा हिशेब तर लोकांना अविश्वसनीय वाटला. एनव्हीडियाची चित्रचिप १२९ डॉलर, ब्लू-रे चकती वाचणारा भाग १२५ डॉलर, सेल ८९ डॉलर, वेगवान स्मृती ४८ डॉलर, जुन्या प्लेस्टेशन २ चे खेळ चालावेत म्हणून घातलेल्या चिप्स २७ डॉलर, असा तपशील जोडीत जाता २० गिगाबाइटच्या यंत्राचा खर्च ८०५.८५ डॉलर आणि ६० गिगाबाइटच्या यंत्राचा ८४०.३५ डॉलर भरला. त्यांच्या विक्रीच्या किमती अनुक्रमे ४९९ व ५९९ डॉलर होत्या. म्हणजे स्वस्त यंत्रावर खोट तीनशे डॉलरहून अधिक आणि महागावर अडीचशेच्या आत, असा विलक्षण प्रकार झाला, कारण दोहोंच्या अंतरंगात फारसे अंतर नव्हतेच. हा अदमास वाऱ्यावरचा नव्हता. निळ्या लेसरच्या घटकांची निर्मिती रखडल्यामुळे सोनीला युरोपातील विक्री २००७ च्या मार्चपर्यंत पुढे ढकलावी लागली होती, आणि त्याच मार्चअखेर संपलेल्या आर्थिक वर्षात सोनीच्या खेळविभागाने २३२.३ अब्ज येनचा तोटा स्वतःच्या ताळेबंदात जाहीर केला. त्याच मोसमात निन्तेन्दोच्या 'वी' या यंत्राचा खर्च मात्र सुमारे १५८ डॉलर निघाला, आणि ते यंत्र २५० डॉलरला विकले जात होते.

या फर्दींना आपली मर्यादा आहे आणि प्रामाणिक अंदाजकार ती लिहूनच देत असत. संशोधनाचा व्यय, परवान्यांचे शुल्क, जाहिरात, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन आणि परत आलेल्या मालाची भरपाई यांपैकी काहीही उघडलेल्या यंत्रात दिसत नाही. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० मधील बिघाडांसाठी हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. मेजावर सुट्या करून मांडलेल्या भागांवरून हा प्रचंड आकडा कोणाही अंदाजकाराला वाचता आला नसता, कारण तो भागांच्या किमतीत नव्हता, उष्णतेने त्यांच्या जोडांवर महिनोन्महिने जो परिणाम केला त्यात होता.

तथापि या विद्येने जी सर्वांत मोलाची गोष्ट शिकविली, ती अशी की उत्पादनखर्च हा स्थिर आकडा नसून काळाबरोबर उतरत जाणारा प्रवाह आहे, आणि कन्सोलचा सारा व्यापार त्या उताराच्या भरवशावर चाललेला असतो. ५२५ डॉलरच्या एक्सबॉक्स ३६० चा खर्च वर्षभरातच सुमारे ३२३ डॉलरवर आल्याचे आयसप्लायने नोंदविले. प्लेस्टेशन ३ मधून जुने खेळ चालविणारे भाग काढून टाकण्यात आले, चिप्स लहान झाल्या, सुट्या भागांची संख्या घटली. २००८ च्या अखेरीस खर्चाचा अदमास ४४८.७३ डॉलर आणि पुढच्या वर्षीच्या सडपातळ यंत्राचा ३३६.२७ डॉलर झाला. फर्दीतील कोणती ओळ केव्हा खोडली गेली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कारखान्यात पाऊल न टाकताही त्या कारखान्याची कैफियत सांगता येते. २७ डॉलरची ओळ खोडली तेव्हा ज्या गिऱ्हाइकांनी जुने खेळ जपून ठेवले होते त्यांच्या वाट्यास निराशा आली; खर्चाच्या कागदावरील काटछाट शेवटी कोणाच्या तरी घरात जाणवतेच.

२०१३ पर्यंत या अनुभवाने कारखानदार सावध झाले होते. प्लेस्टेशन ४ साठी एएमडीची एकत्रित चिप सुमारे १०० डॉलर, स्मृती ८८ डॉलर, आणि जुळणीसह सर्व मिळून ३८१ डॉलर, असा आयएचएस या संस्थेचा अदमास होता, जिने आयसप्लायला आधीच आपल्यात सामावून घेतले होते. विक्रीची किंमत ३९९ डॉलर होती. एक्सबॉक्स वनचा खर्च ४७१ व किंमत ४९९, आणि त्यात एकट्या किनेक्ट या कॅमेऱ्याचे ७५ डॉलर. आठशे डॉलरचे यंत्र पाचशेला विकण्याचे दिवस संपले होते. आणि बाहेरून ताडलेल्या या गोष्टीची जाहीर रुजुवात न्यायासनासमोर झाली ती २०२१ च्या मे महिन्यात, जेव्हा एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लॉरी राइट यांनी शपथेवर सांगितले की त्यांची कंपनी एक्सबॉक्स यंत्रे नफ्याने विकत नाही.

त्यानंतर मात्र जुना उतार थांबल्यासारखा झाला आहे. यंत्र जसे जुने होते तसे ते स्वस्त होते, हा अटारीच्या काळापासूनचा नियम. परंतु २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोनीने युरोप, जपान आदी बाजारांत प्लेस्टेशन ५ ची किंमत वाढविली आणि २०२५ मध्ये अमेरिकेतही वाढविली. महागाई, विनिमयदर व जकाती यांचा त्यात वाटा आहेच. परंतु मुळाशी गेले तर चिप लहान झाली म्हणजे ती स्वस्त पडलीच पाहिजे, हा चाळीस वर्षांचा आधार आता ढिला झाला आहे. नव्या प्रक्रियेतील तबकडीच इतकी महाग झाली आहे की तिच्यावर जास्त चिप्स मावल्याचा लाभ तेथेच आटतो.

अशा काळात बाहेरून खर्च मोजणाऱ्याच्या कामाची महती वाढते, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचे यंत्र उद्या स्वस्त होईल या भरवशावर आज सोसलेली खोट हे एक प्रकारचे कर्ज असते, आणि उतार थांबला की त्या कर्जाची वसुली यंत्राच्या वाढीव किमतीतून, महाग खेळांतून किंवा दरमहा वर्गणीतून गिऱ्हाइकाकडूनच होते. त्या गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देत आहो हे कळण्याचा मार्ग कारखानदाराच्या बंद दप्तरातून जात नाही. कोणीतरी निरपेक्ष जाणत्याने यंत्र उघडून, एकेक भाग मोजून, आपल्या अंदाजाच्या मर्यादांसह केलेली फर्द हाच तो मार्ग आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना यंत्र जोडण्यास शिकविले जाते, ते योग्यच आहे. त्यांना ते उघडून त्याचे मोल सांगण्यासही शिकविले पाहिजे, कारण आपण दरवर्षी विकत घेतो त्या शेकडो विद्युत्‌वस्तूंच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारे लोक समाजात असणे हे त्या समाजाच्या आर्थिक शहाणपणाचे लक्षण आहे.